तुमचे प्रश्न दोन: एलईडीचा उजेड कमी-जास्त करायला पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) लावलाय, पण तो जरा फिरवला की एलईडी एकदम पूर्ण पेटतो, मधला उजेड मिळतच नाही. आणि मुळात ट्रान्झिस्टरची गरजच काय?

९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर, १० के (दहा हजार ओहम) चा पॉट आणि पांढरा एलईडी, असं तुम्ही लिहिलंय. पुढे विचारलंय की ट्रान्झिस्टर काढून पॉटच एलईडीच्या सिरीजमध्ये घातला तर काय बिघडेल. या दुसऱ्या प्रश्नासाठी जेवण बाजूला ठेवून लिहितोय.

चोपड्याजवळच्या आमच्या गावी कानबाई देवीचे रोट (तिचा उत्सव) असतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी बाई बसते, भाऊबंद जमतात, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. मी तेव्हा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मखराला एलईडीची पट्टी लावायची होती: १२ व्होल्टची, पाच मीटर, पूर्ण पेटली की दोन अँपिअर ओढणारी. बायकांचं म्हणणं, उजेड डोळ्यावर येतो, गाण्यांच्या वेळी मंद करता आला पाहिजे. मी टीआयपी १२२ (जास्त करंट झेपणारा ट्रान्झिस्टर) घेऊन सर्किट जोडायला बसलो, तर चुलतभाऊ नाना (वायरमन, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा) म्हणाला, "इतला उपद्व्याप कसाले?" आणि जुन्या टेपरेकॉर्डरमधला १ के चा व्हॉल्यूमचा पॉट त्याने सरळ पट्टीच्या वायरीत घातला. सगळ्या भाऊबंदांसमोर.

फिरवतोय, फिरवतोय, पट्टी अंधारीच. अगदी शेवटच्या टोकाला भक्कन उजेड आला. नानाने माझ्याकडे "बघितलं?" असं बघितलंसुद्धा, आणि मखरामागून धूर. धूप-उदबत्तीचा असेल म्हणून आधी कुणी लक्षच दिलं नाही. गंगाफळाची भाजी ढवळता ढवळता काकूंनाच वास आला.

पाव वॅटच्या १ के पॉटमधल्या कार्बनला सोळा मिलिअँपिअरच्या वर झेपत नाही. तिथून अँपिअर काढायला गेलं तर तो जळणारच. ट्रान्झिस्टर असला की पॉटला फक्त बेस या ताबा ठेवणाऱ्या पायापुरता करंट पुरवावा लागतो, बाकीचा भार ट्रान्झिस्टर उचलतो. बस, एवढ्यासाठी तो लागतो. नाना आजही म्हणतो, "पॉट डुप्लिकेट व्हता."

आता तुमचं. तुम्ही एलईडी कलेक्टरकडे (करंट आत घेणारा पाय) आणि एमिटर (करंट बाहेर सोडणारा पाय) सरळ मायनसला जोडलाय, हे न बघता सांगतो. तिथे बेसच्या ०.६ ते ०.७ व्होल्टमध्येच सगळा खेळ उरकतो, आणि ९ व्होल्टच्या पॉटवर ती जागा केसाएवढी. एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर एमिटरकडे घ्या, कलेक्टर प्लसला, पॉटची टोकं प्लस-मायनसला, मधला पाय बेसला. मग एमिटर बेसच्या ०.७ मागे राहून चालतो आणि उजेड हळूहळू वाढतो. पूर्ण फिरवला की अकरा मिलिअँपिअरच्या आसपास, एका एलईडीला भरपूर. सुरुवातीची तिसरा हिस्सा फेरी मात्र पोकळ जाईल, कारण पांढऱ्या एलईडीचे तीनेक व्होल्ट आणि ट्रान्झिस्टरचे ०.७ आधी भरावे लागतात. पॉटचं खालचं टोक आणि मायनस यांच्यामध्ये ४.७ के घातला की ते बरंच आटोक्यात येतं. पॉटवर 'बी १० के' लिहिलेलं बघून घ्या; 'बी' म्हणजे फिरवाल तसा सारखा बदलणारा. 'ए' वाला व्हॉल्यूमचा, तो नानाला लागतो.

हां, माझं सर्किट तरी कुठे धुतल्या तांदळासारखं होतं. त्याच रात्री लावलं, तर मंद उजेडाला ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर बोट ठेवता येईना, आणि पूर्ण फिरवूनही पट्टी फिकीच, कारण टीआयपी १२२ दीडेक व्होल्ट स्वतःच खातो. नानाने हे बरोबर लक्षात ठेवलंय. आज पट्टीसाठी कुणी विचारलं तर मी ५५५ (टायमर चिप) आणि मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) घालून पीडब्ल्यूएम, म्हणजे पट्टी वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करायला सांगेन. बीसी ५४७ वर शंभर मिलिअँपिअरच्या वर भार टाकू नका. आणि यातलं काहीही २३० व्होल्टच्या बल्बला जोडू नका.

जळका पॉट मी स्क्रूच्या डब्यात जपून ठेवलाय. येत्या श्रावणात नाना रोटांना आला की पत्रा उचकटून दाखवणार आहे: कार्बन फक्त शेवटच्या टोकाला जळलाय. डुप्लिकेट असता तर कुठेही गेला असता.