आमच्या रस्त्याला फुटपाथ मिळेल का?

प्रश्न: मालवणात आमच्या रस्त्याने पोरं सायकलवर शाळेत जातात, एका बाजूला उघडं गटार, दुसरीकडे टुरिस्टांच्या गाड्या. फुटपाथ आणि सायकल ट्रॅक दोन्ही मागायचे का?

उत्तर: आधी विकास आराखड्यात रस्ता कुठल्या वर्गातला ते बघा. मुख्य रस्ता असेल तर वेगळा ट्रॅक मागाच, पण आतली आळी असेल तर गाड्यांचा स्पीड कमी केला की वेगळा ट्रॅक लागत नाही. फुटपाथ मात्र सोडू नका! इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे देशातल्या रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणारी संस्था, तिच्या २०१२ च्या गाइडलाइनमध्ये चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितलीय, मोकळी म्हणजे मध्ये विजेचा खांब नि टपरी आली तर ती जागा धरायची नाही. आपल्याकडे पाऊस धो धो, तेव्हा गटारावर मजबूत झाकणं घालून वरून चालता येईल असंच मागा, आणि नगरपरिषदेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या.