डॉनोरुबिसिन नेमकं काय अडवतं?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग (एएमएल) झालाय. त्याला डॉनोरुबिसिन सुरू आहे. हे औषध डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला अडवतं, असं वाचलं. कापणंच थांबलं तर पेशी उलट वाचायला हवी ना? मग ती मरते कशी?

उत्तर : औषधशास्त्र शिकवताना माझे विद्यार्थीही नेमके इथेच अडतात. औषध कापणं थांबवत नाही; कापल्यानंतरचं सांधणं थांबवतं.

एका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए कोंबलेला असतो. पेशी दुभंगायच्या वेळी त्याला पीळ पडतात, गुंते होतात. टोपोआयसोमरेज-२ हे एन्झाइम एका जागी डीएनएचे दोन्ही धागे कापतं, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पार करतं आणि टोकं पुन्हा जोडतं. कापलेली टोकं ते मोकळी सोडत नाही. त्याच्यातलं टायरोसिन हे अमिनो आम्ल त्या टोकांना रासायनिक बंधानं धरून ठेवतं. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

डॉनोरुबिसिनचा चपटा रेणू बरोबर या कापाच्या जागी शिरतो. टोकं जुळत नाहीत, एन्झाइम तिथेच अडकतं. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा येऊन त्यावर आदळली की तात्पुरता काप कायमचा होतो. असे काप साठले की पेशी मरते. याच्या भावंडाबाबत, डॉक्सोरुबिसिनबाबत, हे १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. प्रयोगशाळेत मात्रा फारच वाढवली तर मात्र औषध डीएनएवर इतकं दाटीनं बसतं की एन्झाइमला कापताही येत नाही. त्यामुळे तुम्ही वाचलेलं अगदीच चूक नाही.

भरभर वाढणाऱ्या पेशींत या एन्झाइमचा अल्फा प्रकार भरपूर असतो, म्हणून मार त्यांना जास्त बसतो. त्यात केसांची मुळं आणि निरोगी अस्थिमज्जाही आल्या. हृदयाच्या पेशींत बीटा प्रकार असतो. औषध त्यालाही सोडत नाही, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात आणि आयुष्यभराच्या एकूण मात्रेला मर्यादा ठेवतात.

औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लाल झाली तर तो बहुधा औषधाचाच रंग. तरी डॉक्टरांना सांगा. ताप आला तर मात्र सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात कळवा. इकोचे रिपोर्ट आणि आतापर्यंत मिळालेल्या एकूण मात्रेची नोंद एका फायलीत जपून ठेवा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्यांना ती लागेल.