बडोद्यात राहून विज्ञान, राजकारण, समाज यावर मराठीत काय वाचावं?

सुरुवात जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'पासून करा. १८८३ सालचं पुस्तक जुनं वाटेल, पण आपल्या गावाशी त्याचं नातं आहे. सयाजीराव महाराजांनी हा ग्रंथ वाचून घेऊन लक्षपूर्वक ऐकला, असं जोतीरावांनी उपोद्घातातच लिहिलंय. सरकारी अधिकाऱ्यांवर कोरडे ओढणारं पुस्तक एक राजा बसून ऐकतोय, हे चित्रच मला भारी वाटतं! भाषा पहिली दहा पानं अडते, मग चटक लागते. कर, कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि भटशाही यांचा शेतकऱ्याभोवती पडलेला वेढा त्यात दिसतो. मोफत प्रती नेटवर सापडतात. कागदावरच वाचायचं असेल तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा, तिथे मराठी विभाग आहे.

राजकारणासाठी रोजच्या चर्चा बाजूला ठेवा आणि आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण वाचा. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती किती दिवस चालवणार, असा त्यांचा प्रश्न आहे. तासाभरात वाचून होतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेलेला हाच विद्यार्थी, हे वाचताना आठवत राहतं.

विज्ञानासाठी मराठी विश्वकोश, नेटवर फुकट. सलग वाचू नका, झोप येईल. एक नोंद उघडा, तिच्यातून दुसरीकडे जा. माझी रविवारची शेव-उसळ हल्ली अशीच थंड होते.