गोदावरी परुळेकर यांनी नेमकं काय केलं?

तुमचा प्रश्न असा आहे की शाळेच्या पुस्तकात गोदावरी परुळेकरांवर एकच ओळ होती, आणि पुण्याच्या सुखवस्तू घरातली, कायदा शिकलेली बाई वारली आदिवासींची पुढारी कशी झाली हे त्या ओळीतून कळत नाही. मी नव्वदच्या दशकात काही वर्षं तलासरी भागात शिक्षिका होते. तिथे त्यांचं नाव ज्या आपुलकीने घेतलेलं ऐकलं, ती आपुलकी मी दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्याच्या वाट्याला आलेली पाहिली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जन्म १९०७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव गोखले, वडील वकील. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मग कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव सांगतात. सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. वडिलांना ते पसंत नव्हतं, तेव्हा घर सोडून मुंबईला आल्या. तिथे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचं काम केलं, प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकामगारांची संघटना बांधली. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि त्याच सुमाराला दोघं कम्युनिस्ट पक्षात आले. इथपर्यंतचं चरित्र त्या काळच्या बऱ्याच ध्येयवादी सुशिक्षितांचं असू शकलं असतं. वेगळं घडलं ते पुढे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेची, परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून मोजके वारली तिथे आले होते. त्यांच्यातला माह्या धांगडा उठून उभा राहिला आणि जमीनदाराकडे वारली माणसाचं जगणं काय असतं ते त्याने सभेला सांगितलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. गोदावरीबाई, म्हणजे सगळ्यांच्या गोदूताई, वारल्यांना 'शोधायला' गेल्या नव्हत्या, वारलीच स्वतःहून आले. त्यांचं ऐकून शामराव आणि गोदूताई त्या मुलखात गेले.

तेव्हा तिथे दोन प्रकार चालत. एक वेठबिगार: जमीनदाराच्या शेतावर आणि घरी फुकट राबायचं, आपलं शेत पावसात तसंच पडलेलं असलं तरी. दुसरा लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून शेदोनशे रुपये काढायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी जन्मभर त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब लिहिणारा तोच आणि वाचता येणारा तोच. बायकांवर जमीनदारांची वाईट नजर असे, आणि तक्रार करायला जायचं कुणाकडे?

२३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारल्यांची परिषद झाली. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या खाजगी शेतावर रोजाचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि एकजूट मोडायची नाही. त्यानंतर वारली स्वयंसेवक लाल बावटा घेऊन पाड्यापाड्यावर फिरले आणि लग्नगड्यांना जमीनदारांच्या वाड्यांतून मोकळं करत गेले. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली चाल काही महिन्यांत मोडली. गोदूताईंचा खरा मोठेपणा मला इथे दिसतो. त्यांनी क्रांतीची भाषणं ठोकली नाहीत. भीती कशाची आहे, हे त्या आधी ऐकून घेत आणि मग एका वेळी एकच मागणी हातात देत. ती मागणी आणे-पैशातली असे, निरक्षर माणसालाही बोटांवर मोजता येईल अशी.

पावसाळा संपला की गवत कापणीचा हंगाम. या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. वारल्यांनी मजुरीसाठी संप केला, मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलो. एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईने मला हे अंगणात बसून समजावलं. लहानपणी ती आईबरोबर कापणीला जात असे. तिने दोन्ही हात पसरून भारा केवढा ते दाखवलं आणि मग डाव्या हाताची करंगळी पुढे धरली. विळ्याने तुटलेलं तिचं टोक नव्हतं. "अडीच रुपये" हे शब्द पन्नास वर्षांनंतरही ती अशा थाटात म्हणाली, जणू तो तिच्या घरातला दागिना होता.

त्या संपात १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला मोठा जमाव होता. गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा मुद्दाम पसरवलेली होती. त्यांना वाचवायला म्हणून लोक धावून आले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. परुळेकर पती-पत्नींना ठाणे जिल्ह्यात यायला बंदी झाली. आता आंदोलन विझणार असंच जमीनदारांना वाटलं असेल. पण ते दोघं नसताना वारल्यांनी संप चालवला आणि मजुरी वाढवून घेतली. बाहेरून आलेल्या बाईने त्यांना 'भडकवलं' असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं असतं: मग ती नसताना संप टिकला कसा?

पुढचं भरभर सांगते. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर गेले. कम्युनिस्ट पक्षाच्या १९६४ च्या फुटीनंतर दोघं मार्क्सवादी पक्षात राहिले. १९६५ मध्ये शामराव तुरुंगात स्थानबद्ध असतानाच वारले. त्यानंतर गोदूताई एकतीस वर्षं जगल्या आणि काम करत राहिल्या. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. १९९६ मध्ये त्या गेल्या.

'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक याच लढ्याचं आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तुम्हाला एकच वाचायचं असेल तर हेच वाचा. आणि कधी अहमदाबाद महामार्गाने गेलात तर तलासरीला थांबा, तिथे त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. मी शाळेत होते तेव्हा वर्गातल्या कितीतरी मुलांचे आजी-आजोबा अंगठा उठवणारे होते. पालकसभेला आले की ते हजेरीच्या वहीत नातवाचं नाव कुठे आहे ते मला विचारत, आणि त्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहत.