ब्रिसेइस : बक्षीस की मान?

प्रश्न असा आहे : पॅट बार्कर यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ (२०१८) या कादंबरीत ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट ब्रिसेइस सांगते, म्हणजे ग्रीक वीर अकिलिसच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री. तिच्याविषयी मराठीत लिहिताना ‘अकिलिसला बक्षीस मिळालेली स्त्री’ म्हटलं तर चालेल का?

मला ते खटकतं. होमरच्या ‘इलियड’ या मूळ ग्रीक महाकाव्यात तिच्यासाठी ‘गेरास’ हा शब्द येतो. (यातला ‘गे’ ऱ्हस्व, लांबवला की अर्थ होतो म्हातारपण!) आपल्याकडे बक्षीस एक तर शर्यतीत मिळतं, नाही तर वरचा खालच्याला खूश होऊन देतो. शर्यतीच्या बक्षिसाला होमरकडे ‘आएथ्लॉन’ हा वेगळा शब्द आहे. तेविसाव्या सर्गात कुस्ती हरणाऱ्यासाठी चार बैल किमतीची बाई ठेवली आहे, ती बक्षीस. ब्रिसेइस तशी नाही. सैन्याने सामायिक लुटीतून नायकाला काढून दिलेला वाटा म्हणजे गेरास. मेजवानीत मानकऱ्यापुढे ठेवलेला मांसाचा खास तुकडाही गेरास, आणि मृताचे अंत्यसंस्कार हेही मृताचं गेरास. मेलेल्याला बक्षीस कोण देणार?

मराठीत याला नेमका शब्द आहे : मान. पोळ्याला पाटलाचा मानाचा बैल पुढे असतो, तो मान. म्हणूनच ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन ब्रिसेइसला घेऊन जातो तेव्हा अकिलिस चिडतो तो मान गेला म्हणून. नवव्या सर्गात तो तिच्यावर आपलं प्रेम असल्याचं म्हणतो खरा, पण भांडण पेटतं ते मानावरून.

मग स्त्रीच्या तोंडून कथा सांगताना ‘लूट’ का नको, असं कुणी विचारेल. तिचं शहर लिरनेसस लुटलं गेलं, तिचा नवरा आणि तीन भाऊ मारले गेले, हे ती ‘इलियड’च्या एकोणिसाव्या सर्गात स्वतःच सांगते. तरीही मी तिच्या तोंडीही ‘मान’च ठेवीन. ‘लूट’ म्हटलं की निवाडा अनुवादकाने दिल्यासारखा होतो. ‘मी त्याचा मान होते’ या वाक्यात ग्रीकांची छावणी आपल्याच शब्दांत पकडली जाते.

तिचं नावही बघा : ब्रिसेइस म्हणजे ब्रिसेउसची मुलगी, जशी द्रुपदाची द्रौपदी. स्वतःचं नाव हिप्पोदामेइया, असं नंतरचे टीकाकार सांगतात. होमर ते घेत नाही.

एका बाबतीत मात्र ‘बक्षीस’ सरस. गेरास नपुंसकलिंगी आहे, बक्षीसही. ‘मान’ पुल्लिंगी, आणि चुकून स्त्रीलिंगी वापरलात तर गळ्याशी येईल.