सतरा फोटोंपैकी चौदावा

प्रिय पोरी,

तुझे सतराच्या सतरा फोटो काल रात्री बघितले, लाइट गेली होती म्हणून गच्चीत बसून निवांत बघितले. आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावाचा सूर्यास्त, झिरो माइलचे घोडे, दीक्षाभूमीचा घुमट, अंबाझरीवरचे बगळे, आणि खाली तू विचारून राहिली की काकू यातल्या कोणत्या फोटोची गोधडी करू. रागावू नको, पण यातल्या सोळांची तर नकोच. फोटो वाईट आहेत म्हणून नाही. तुझा तो फुटाळ्याचा सूर्यास्त फोटोतच पुरा झालाय, त्यात सुईला करायला काही उरलंच नाही, तू सहा महिने घालवून फार तर त्याची कापडी झेरॉक्स काढशील.

मी हे करून बसलेय म्हणून सांगते. माझी पहिली मोठी गोधडी संत्र्याच्या बागेची होती, काटोल रोडला काढलेल्या फोटोवरून, पान न् पान कापलं, पाच महिने बोटं भोसकून घेतली, आणि घरी येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, वा, हे प्रिंट कुठून आणलं? तेव्हा लई वाईट वाटलं होतं, आता वाटतं लोक बरोबरच बोलत होते.

कूलरवाल्या गोधडीचं तू विचारलंस ना, ती कशी झाली ते सांगते, त्यातच काय ते सगळं आहे. महाल भागातल्या आमच्या घराच्या मागच्या गल्लीत एक भिंत आहे, तिथे वर्षानुवर्षं उन्हाळ्यात कूलर लागतो. लोखंडी स्टँडचा गंज भिंतीवर ओघळलाय, बोअरच्या खारट पाण्याचे पांढरे थर जमलेत, आणि खाली सतत ओल म्हणून शेवाळ. वीस वर्षं मी तिथून कचरा टाकायला जातेय, कधी लक्ष गेलं नाही. मग एका मे महिन्यात सहज मोबाइलवर एक फोटो काढला आणि मग रोजच काढत गेले, महिनाभरात चाळीसेक झाले असतील. सकाळी भिंत सपाट दिसते, दुपारी बाराला तर नुसतं पांढरंफटक, पण चारनंतर ऊन तिरपं झालं की त्या क्षाराच्या पापुद्र्यांना सावली येते आणि भिंत जागी होते. हे मला पहिल्या फोटोत कळलं नव्हतं, तिसाव्या-बत्तिसाव्यात कुठे कळलं. म्हणून म्हणते, सतरा जागांचे सतरा काढण्यापेक्षा एका जागेचे सतरा काढ.

मग काय केलं, तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला. रंगाच्या आधी फिकट-गडद बघायचं, हे तू कुठेतरी वाचलं असशीलच, पण हातात कापड घेतल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. गांधीबागेत कापडाच्या दुकानात बसून मी एक शेंदरी आणि एक हिरवं काढलं, म्हटलं काय जोडी आहे, एक जळतंय एक विझवतंय, आणि मग फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेतला तर दोन्ही एकच राखाडी! शेजारी शेजारी शिवले असते तर लांबून दोन्ही एकमेकांत विरघळले असते. दुकानदार बघून राहिला की ही बाई कापडाचे फोटो काढते आणि घेत काहीच नाही. तू पण काढ, लाजू नको. फोन नसेल तर डोळे किलकिले करून बघ, तेच काम होतं.

शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा घेऊन दोन काटकोन काप आणि ते प्रिंटवर सरकवत बस, चौकट लहान-मोठी करत. माझ्या फोटोत खिडकी होती, वायर होती, कोणाची तरी चप्पल वाळत होती, ते सगळं चौकटीबाहेर गेलं तेव्हा भिंत दिसली. उरलेल्या तुकड्यातल्या छटा चारवर आणल्या, फोनमध्ये होतं ते, आणि ए-थ्रीवर मोठं करून घेतलं. त्यावरून ट्रेसिंग एकदाच काढलं आणि मग फोटो ड्रॉवरमध्ये. हे सगळ्यात अवघड आहे, हात सारखा ड्रॉवरकडे जातो, की गंज इथे होता की थोडा डावीकडे. असू दे कुठेही! भिंतीला काय फरक पडतोय, आता कापड काय म्हणतं ते बघायचं. झालं तेव्हा माझी बहीण म्हणाली, अगं ही तर उन्हाळ्यातली कन्हान नदी, मधे मधे पाण्याची धार आणि बाकी वाळू. मी कूलर आहे म्हणून सांगितलंच नाही तिला.

बीसा बटलर म्हणून एक अमेरिकन बाई आहे, तिचं काम बघ. जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेऊन ती माणसांच्या गोधड्या करते आणि चेहऱ्याला जांभळा, निळा, लाल काय वाट्टेल ते लावते, तरी माणूस माणूसच दिसतो, कारण फिकट-गडद पक्कं आहे. फोटोकडून तिने तेवढं घेतलं आणि रंग स्वतःचे घातले. आणि अमेरिकेतच अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायका, कामाचे फाटके कपडे आणि जीन्स जोडून जे करायच्या ते 2002 मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये लागलं. तिथे फोटोबिटो काही नाही. ते बघितलं की मला आजीची वाकय, म्हणजे वाकळ, गोधडीच, आठवते, ती वाकयच म्हणायची, आर्ट क्विल्ट हा शब्द मला अजून तोंडात जड जातो. तिच्या वाकयीत एम्प्रेस मिलचं जाडंभरडं कापड होतं. 1877 ची मिल ती, आता तिथे मॉल आहे.

आता निळ्याचं. तुला फोटो थेट कापडावर उतरवायचाय म्हणालीस, तर सायनोटाइप कर, नागपूरचं ऊन त्यासाठीच आहे असं समज. दोन लोहाचे क्षार पाण्यात मिसळून अंधाऱ्या खोलीत कापडाला लावायचे, वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात, आणि मग साध्या पाण्यात धुतलं की गडद निळं. जॉन हर्शेलने 1842 मध्ये शोधलं आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने समुद्री शेवाळाचे असे निळे ठसे काढून पुस्तक करायला घेतलं, बघ म्हणजे किती सोपं. फक्त सोड्याला जपायचं. मी कौतुकाने केलेलं दोन मीटर कापड नेहमीच्या कपड्यांबरोबर धुण्याचा सोडा घालून भिजवलं आणि तासाभराने बघते तर निळं गायब, पिवळट तपकिरी डाग. अल्कलीने तो निळा मोडतो आणि मागे नुसतं लोखंड उरतं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग एका संध्याकाळी ते कापड ट्रेसिंगवर पडलं होतं, आणि बघते तर गंजाला मी महिनाभर इतवारीचा बाजार पालथा घालून जो रंग शोधत होते तोच हा. भिंतीवर पण लोखंडच ओघळलं होतं ना! त्या गोधडीतला गंज म्हणजे ते बिघडलेलं कापड आहे, लोकांना वाटतं मी रंगवलं.

धावदोरा मात्र मी वरून खाली घातला, पाणी जसं ओघळतं तसा, गंजावर दाट आणि पांढऱ्यावर एकदम विरळ. मधे भरायला पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे फुगीर अस्तर, नाही, एक जुनी सुती चादर, भिंतीवर सपाट लटकते. दोरा घातला की कापड आत ओढलं जातं म्हणून चारही बाजूंनी तीन-चार बोटं जास्त ठेव. पेस्टिंगवर, म्हणजे इस्त्रीने चिकटतं त्या अस्तरावर, ट्रेस करशील तर उलटं कर, मी एकदा अख्खं "नागपूर" आरशातलं चिकटवलं होतं. आणि इंटरनेटवरचे दुसऱ्याचे फोटो घेऊ नको बाई, आपल्याकडे फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं असतो, आणि तसंही दुसऱ्याच्या फोटोत तू चार वाजता तिथे उभी नसतेस.

आता तो चौदावा. तू म्हणालीस चुकून आला, डिलीट करा. तो मी झूम करकरून बघितला. गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्यात आणि त्यावरून डिश अँटेनाची सावली वाकडी गेलीय, कुरडईच्या गोलाला सावलीचा गोल कापतोय, आणि लुगड्याचा काठ एका कोपऱ्यात दुमडलाय. त्यात तुझं बोट पण आलंय. उद्या चार वाजता पुन्हा काढ, परवा पाचला, कुरडया वाळून आखडत जातील तसे आकार बदलत जातील, रोज काढ. उचलल्या असतील तर आईला विचारून ते लुगडंच घेऊन ये रविवारी, चिकाचे डाग पडले असतील त्यावर, ते धुऊ नको.

तुझी
काकू