वंशाचा रकाना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नायब तहसीलदार म्हणून तुझी निवड झाली हे वाचून बरं वाटलं. मुलाखतीच्या तयारीत तू दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर काढलेली टिपणंही वाचली. चांगली आहेत, पण त्यांत सगळे पुढारीच आहेत. मलान आले, मंडेला तुरुंगात गेले, मंडेला सुटले. कारकून एकही नाही. माझी चौतीस वर्षं फायलींत गेली, त्यामुळे मला तोच आधी दिसतो.

१९४८ मध्ये मलान यांचा, गोऱ्यांचा नॅशनल पक्ष निवडून आला, तेव्हा भेदभाव तिथे नवा नव्हता. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य काळ्या लोकांसाठी देशाची जेमतेम ७ टक्के जमीन राखली होती. १९३६ मध्ये ती १३ टक्क्यांच्या आसपास नेली, एवढंच. नवं होतं ते दप्तर. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाच्या नावापुढे वंश लिहायचं ठरवलं. मग कोणी कुठे राहायचं, कोणाशी लग्न करायचं, पोरांनी कुठल्या शाळेत जायचं, बागेतल्या कुठल्या बाकावर टेकायचं, हे सगळं त्या एका रकान्यावरून ठरू लागलं.

त्या कायद्यातली गोऱ्या माणसाची व्याख्या साधारण अशी होती: दिसायला उघडच गोरा, किंवा लोक ज्याला गोरा मानतात तो, मात्र दिसायला गोरा असूनही लोक ज्याला मिश्रवर्णीय मानतात, तो नव्हे. आता तू अधिकारी म्हणून ही व्याख्या वाच. लोक म्हणजे कोण? शेजारी? दुकानदार? उत्तर कायद्यात नाही, म्हणून ते टेबलामागे बसलेल्याने द्यायचं. त्याने मग केसांत पेन्सिल खोचून पाहिली. पडली तर गोरा, अडकली तर नाही. कायद्यात पेन्सिल कुठेच नव्हती गं. ती कचेरीतून आली.

१९६६ मध्ये दहा वर्षांच्या एका मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढून पोलिसांनी घरी पोचवलं. आईबाप दोघंही कागदोपत्री गोरे. मुलीचा रंग सावळा आणि केस कुरळे, म्हणून तिची नोंद मिश्रवर्णीय केली. पुढच्या वर्षी कायदा बदलून आईबापांचा वंश धरायचं ठरलं आणि ती पुन्हा गोरी झाली. पोर तीच होती.

काळ्यांसाठी पासबुक होतं, बँकेचं नव्हे, शहरात राहायची परवानगी दाखवणारी ओळखवही. १९५२ च्या ज्या कायद्याने ते सक्तीचं झालं, त्याच्या नावात ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते. हे नाव सुचवणारा कोण असेल, असं मला नेहमी वाटतं. बहुधा फार हुशार मसुदालेखक असावा. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाने ते जवळ बाळगायचं, त्यावर मालकाची दर महिन्याला सही हवी. हक्क नसलेल्याने परवानगीशिवाय शहरात ७२ तासांहून जास्त राहिलं की गुन्हा. लोक त्याला ‘डोमपास’ म्हणत, म्हणजे मूर्ख पास.

म्हणूनच तिथला लढा पुन्हा पुन्हा कागदाशी झाला. १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर गांधींच्या नेतृत्वाखाली हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांनी दोन हजारांवर नोंदणी दाखले कढईत टाकून जाळले. (तो लढा हिंदी लोकांपुरता होता, काळ्यांचं दुःख त्या वेळच्या गांधींनी आपलं मानलं नव्हतं, हेही टिपणात लिही.) आपले गोखले १९१२ मध्ये तिथे गेले, तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले आणि करार संपलेल्या हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होणार असं समजून परतले. कर गेला १९१४ मध्ये, सत्याग्रह आणि संपानंतर. तोंडी आश्वासन फायलीत नसेल तर काय होतं, ते तुला लवकरच कळेल. १९५६ मध्ये वीस हजार बायका पासविरोधात प्रिटोरियाला गेल्या. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला लोक पास घरी ठेवून चौकीसमोर जमले, पोलिसांनी ६९ माणसं मारली. काही दिवसांत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुलींनी आपला पास जाळला.

वर्णभेदाच्या पडझडीचं श्रेय तू सगळं १९९० ला, मंडेलांच्या सुटकेला दिलंस. त्याआधीचं बघ. कारखान्यांना माणसं शहरात हवी होती आणि कायद्याला ती शहराबाहेर. १९७३ मध्ये डर्बनचे कामगार संपावर गेले, १९७६ मध्ये सोवेटोची मुलं शाळेतल्या आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली, १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्ज आखडलं. लाखोंना पकडूनही गर्दी हटेना, तेव्हा १९८६ मध्ये पासचे कायदे रद्द झाले. मंडेला तेव्हा तुरुंगातच होते. वंशनोंदणीचा कायदा गेला १९९१ मध्ये.

आता माझं. भटक्या जमातीतला एक मुलगा जातीच्या दाखल्यासाठी यायचा. मी १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला. ज्यांच्या आजोबांचं घर गाढवाच्या पाठीवर होतं, त्यांनी पुरावा कुठून आणायचा? आमचा नियम त्याच्या भल्यासाठीच होता, त्याची तिकडच्या पासशी बरोबरी मी करत नाही. पण गृहचौकशी करता आली असती, ती मी केली नाही. तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा तो आला नाही. माझ्या शेऱ्यात एकही चूक नव्हती.

एप्रिल १९९४ ची तिथली निवडणूक, सगळ्या वंशांना मत असलेली पहिली, मतदारयादीशिवाय झाली. ओळखपत्र नसलेल्यांना तात्पुरती मतदार कार्डं दिली. जन्मभर कागद दाखवून हाकलली गेलेली म्हातारी माणसं एका कागदासाठी पुन्हा खिडकीपुढे उभी राहिली, आणि या वेळी खिडकीतून कार्ड बाहेर आलं. त्या खिडकीमागे बसलेल्यांतले किती जण जुनेच असतील, याचा विचार मी बरेचदा करतो.

रुजू झालीस की कळव. तुझ्या खोलीचा फोटो नको, दाराबाहेर लोकांना बसायला बाक आहे का तेवढं लिही.

तुझा,
काका